फटफटी सुरू झाली तो दिवस

ह्यांना क्षयाच्या दवाखान्यातून घरी सोडलं तेव्हा मी बावीस वर्षांची होते. सन पस्तीस-छत्तीसच्या सुमाराची गोष्ट. दीड वर्ष हे लांब सॅनिटोरियममध्ये आणि मी माहेरी, येवल्याला. नाशिकची जागा आम्ही सोडूनच दिली होती. परत आल्यावर डॉक्टर म्हणाले, गावाच्या गर्दीत राहू नका, मोकळी हवा घ्या. म्हणून गंगापूरच्या रस्त्याला मळ्यांमध्ये दोन खोल्या घेतल्या. मळा एका विधवा बाईचा होता. ती मेथी, कोथिंबीर, झेंडू लावायची आणि उजाडता उजाडता पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला जायची. तिची आमची ओळख जुनी होती. ह्यांची फटफटी ते दीड वर्ष तिच्याच छपरीत उभी होती.

आजारी पडण्यापूर्वी हे देवी काढण्याच्या खात्यात होते. त्र्यंबक, पेठ, पार सुरगाण्यापर्यंत गावोगाव जाऊन पोरांना टोचायचे. देवळालीच्या छावणीतला एक गोरा सोल्जर विलायतेला परत चालला होता, त्याच्याकडून ती फटफटी घेतलेली. डोंगरातल्या बायका तिचा आवाज लांबून ऐकायच्या आणि पोरं घेऊन कणगीमागे लपायच्या. हे घरी येऊन ते हसत हसत सांगायचे, पण त्यांना त्याचं वाईटही वाटायचं.

आता त्यांना चार पावलं चालून दम लागत होता. थुंकी स्वच्छ झाली आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, तरी ह्यांचा विश्वास बसत नव्हता. ताट वेगळं, पेला वेगळा, अंथरूण दुसऱ्या खोलीत. मी जवळ गेले की हे मान वळवून बोलायचे. मला त्याचा राग यायचा आणि राग आला म्हणून रडूही यायचं.

सकाळी ऊन वर आलं की हे छपरीत जाऊन बसायचे. मळेवालीने फटफटीवर गोणपाटं घातली होती. दसऱ्याला तिने ती पुसून, हळदकुंकू लावून हार घातला होता. त्या हाराची वाळकी फुलं अजून पुढच्या दिव्यावर लोंबत होती. सीटवर एका कोंबडीने बस्तान मांडलं होतं. हे त्या कोंबडीला उठवायचेसुद्धा नाहीत. नुसते शेजारी बसून राहायचे.

एक दिवस मी म्हणाले, "अहो, सुरू करून बघायची का?"

"डॉक्टरांनी वर्षभर बसायचं नाही म्हणून सांगितलंय."

"बसायचं नाही म्हणालेत. सुरू करायची नाही असं कुठे म्हणालेत?"

हे हसले. घरी आल्यापासून पहिल्यांदाच. मग गंभीर होऊन म्हणाले, "धूर फार होईल. दीड वर्षात टाकीतलं तेल झिरपत झिरपत खाली इंजिनात जाऊन बसलं असेल. ते सगळं जळून जाईपर्यंत नुसता धूर."

"मग तुम्ही लांब बसा."

"आणि सुरू कोण करणार?"

"मी आणि मिस्त्री."

मिस्त्री जुन्या नाशकातले. उमेदीच्या काळात छावणीच्या लॉऱ्यांवर काम केलेले. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं यंत्रात गेली होती. मी निरोप धाडला तसे ते दुसऱ्याच दिवशी आले.  ह्यांना बघून टोपी नीट करत म्हणाले, "साहेब, फार वाळलात."

त्यांनी जुनं पेट्रोल काढून टाकलं, प्लग घासला, चाकांत हवा भरली. मग खाली वाकून बराच वेळ खटपट केली आणि उठून उभे राहिले. "खालचा नट गंजून बसलाय. जोर केला तर मोडेल. तेल काढता येत नाही, जळूनच जाऊ द्यावं लागेल. इंजिनाला काही होत नाही त्यानं. पण साहेब, तुम्ही इथं थांबायचं नाही."

हे उठले. वारं पश्चिमेचं होतं आणि विहीर पश्चिमेला. मी विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या दगडी कुंडीच्या काठावर, घोंगडी टाकून त्यांना बसवलं. तिथून छपरी शंभर पावलांवर असेल. आम्ही फटफटी बाहेर काढून स्टँडवर उभी केली.

मिस्त्रींनी मला हँडलच्या डाव्या बाजूची लहान दांडी दाखवली. "माझी बोटं पुरत नाहीत. तुम्ही ही दाबून धरा, म्हणजे किक हलकी जाईल. मी सोडा म्हटलं की सोडायची."

मी पदर खोचला. मिस्त्रींनी किक मारली. "सोडा!" मी सोडली. नुसतं फुस्स झालं. पुन्हा मारली, पुन्हा फुस्स. सातआठ वेळा असं झालं. मिस्त्री घामाघूम झाले. लांबून ह्यांनी तोंडाभोवती हात धरून काहीतरी सांगितलं, पण आवाज पोचेल एवढा दम कुठे होता! मग त्यांनी हवेतच बोटाने काहीतरी दाबून दाखवलं. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. पेट्रोल वर यावं म्हणून कार्बुरेटरचं बटण दाबायचं असतं, तेच राहिलं होतं.

पुढच्या किकला बंदूक उडावी तसा बार झाला. कोंबड्या फडफडत कुंपणापलीकडे गेल्या. त्याच्या पुढच्या किकला फटफटी सुरू झाली.

असा धूर मी आयुष्यात पाहिला नव्हता. निळसर पांढरा, दाट, कडवट वासाचा. पहिल्यांदा मिस्त्री दिसेनासे झाले, मग फटफटीचं मागचं चाक दिसेना, मग छपरीही गेली. आवाजाने हातातली दांडी, दात, बांगड्या, सगळं थरथरत होतं. मिस्त्री ओरडून सांगत होते, "रेस धरून ठेवा! सोडू नका!" मी डोळे मिटून उजव्या बाजूची मूठ पिळून धरून ठेवली.

तेवढ्यात अंगावर गार पाण्याचा लोट आला. मळेवाली बाजारातून परतली होती. धूर बघून तिला वाटलं छपरी पेटली, म्हणून तिने हौदातून घागर भरून तिचं पाणी धुरात भिरकावलं होतं.

"वैनी, भायेर या! लय आग लागली!"

"आग नाही हो! फटफटी सुरू झाली!"

"मंग एवढा धूर कशापायी?"

मिस्त्री धुरातून बाहेर येऊन हसत खाली बसले. मी निथळत होते, पण मूठ सोडली नव्हती.

धूर जरा विरळ झाला तसे हे दिसले. थारोळ्यावर उभे राहिले होते, मान तिरकी करून ऐकत. त्यांनी तळहात खाली केला. मी मूठ जरा सोडली. अजून खाली. अजून सोडली. मग त्यांनी हात तसाच हवेत स्थिर धरला. आवाज एकसारखा, शांत झाला. शंभर पावलांवरून ह्यांनी माझ्या हातून ती फटफटी सुरात लावून घेतली.

आणि मग वारं फिरलं. धुराचा मोठा लोट सरळ विहिरीकडे गेला. मी ओरडले, "बंद करा! मिस्त्री, बंद करा!" आणि धावत सुटले. मळेवाली माझ्या पुढे होती. तिने डोक्यावरची ओली चुंबळ काढून ह्यांच्या नाकातोंडावर दाबली. तरी ह्यांना ठसका लागलाच. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. ह्यांनी खिशातून रुमाल काढून तोंडाला लावला. फटफटी बंद करून मिस्त्रीही पोचले होते. आम्ही तिघंही त्या रुमालाकडे बघत उभे. 

ह्यांनी रुमाल उघडून पाहिला. मग माझ्यापुढे धरला. पांढरा होता. जरासुद्धा डाग नव्हता.

"तेलाच्या धुराने कोणालाही ठसका लागलाच असता," हे म्हणाले. "आजाराचा नाही हा."

मळेवालीने डोळे पुसले आणि धुराला शिव्या दिल्या. हे माझ्याकडे बघत होते. माझं तोंड काळं झालं होतं, केसांतून पाणी गळत होतं. त्यांनी त्याच रुमालाच्या दुसऱ्या टोकाने माझा गाल पुसला. मग एकदम भानावर येऊन हात मागे घेऊ लागले. मी तो धरला आणि सोडला नाही. मिस्त्री आणि मळेवाली समोर असताना असं काही करणं त्या काळी सोपं नव्हतं. मिस्त्रींनी लगेच पाठ फिरवली आणि ते उगीचच हातातला पाना पुसायला लागले.

त्या संध्याकाळी मी ह्यांचं अंथरूण माझ्या खोलीत, माझ्याशेजारी घातलं. हे येऊन त्यावर आडवे झाले.

कामावर ह्यांना आधी कचेरीतच बसवलं. पुढच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी फटफटीवर बसायची परवानगी दिली. पहिल्या दिवशी तोंडाला उपरणं बांधून हे सातपूरपर्यंत जाऊन आले आणि उतरता उतरता म्हणाले, "उद्या तू पण चल. मागे नुसतं घट्ट धरायचं."

मी विचारलं, "काय धरायचं?"

"मला," हे म्हणाले आणि उपरणं सोडत आत गेले.