लॉबीतली माटोळी

चवथीची रजा मला मिळाली नाही, कारण मी विश्वासू आहे. साहेबांनी हे मला समोर बसवून, चहा पाजून सांगितलं. कोल्हापूर-बेळगावच्या मुलांना अडवलं तर ती परत यायचीच नाहीत. मी पडलो इथलाच, गोव्यातल्या पेडण्याचा, हरमलच्या या हॉटेलातला सगळ्यांत जुना नोकर. मी कुठे जाणार? विश्वासू माणसाला नाही म्हणायला कुणाची जीभ अडखळत नाही.

मला काही मोदक खायला घरी जायचं नव्हतं. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकट छताला टांगायची आणि तिला आंबाडे, सुपारीचे घोस, नारळ, रानातली फळं असं सगळं लटकवायचं. घरातल्या पुरुषाचं हे काम. आमच्याकडे ते आजवर वडिलांनीच केलं. गेल्या वर्षीची चवथ झाल्यावर त्यांना अर्धांगवायू झाला आणि उजवा हात गेला. तेव्हापासून ते एकच सांगत होते, यंदा तू बांध, मी खाली बसून सांगतो. वर्षभर त्यांनी दुसरं काही मागितलं नाही.

हे सगळं मी साहेबांना सांगून बसलो. वाटलं, त्यांना दया येईल. त्यांना वेगळाच आनंद झाला. पाहुण्यांसाठी लॉबीत गणपती बसणार होता आणि माटोळी बांधणारं कुणी त्यांना मिळत नव्हतं.

चवथीच्या आदल्या दिवशी मी एसीच्या गारव्यात शिडीवर चढलो. खाली पाहुणे विचारत होते, ही फळं खातात का? कुणी फोटो काढत होतं. मी एकेक घोस बांधत होतो आणि आमचं घर स्कूटरवरून एवढंसं लांब, याचाच विचार डोक्यात भणभणत होता. सगळं टाकून निघावं असं वाटलं. पण वडिलांची औषधं आणि मुलीची शाळा या नोकरीवरच चालते. मी पुढचा घोस उचलला.

बांधून झाल्यावर जाहिरातीचं काम बघणारी मुलगी मोबाइल घेऊन आली. हॉटेलच्या इंटरनेटवरच्या पानावर व्हिडिओ टाकायला कर्मचाऱ्यांचे दोन आनंदी शब्द हवे होते. मी म्हणालो, मला इथे काम करायला आवडतं, हे माझं घरच आहे. हसलोही. इतकी वर्षं पाहुण्यांसमोर हसून ते हसू आता सांगितलं की येतं. माझी मलाच किळस आली.

चवथीच्या दुपारी घरी फोन केला. आई म्हणाली, शेजाऱ्याने घाईघाईत चौकट तेवढी टांगून दिली, त्याच्याही घरी गणपती. एक नारळ आणि आंब्याचे डहाळे लावले. बाकीची फळं टोपलीत तशीच आहेत. मग तिने फोन वडिलांच्या कानाला लावला. मी सांगणार होतो की मला इथे जीव नकोसा झालाय, मला तिथे यायचं होतं. पण आधी तेच बोलले. शेजाऱ्याने त्यांना माझा व्हिडिओ दाखवला होता.

"माटोळी बरी बांदलंस," ते जड जिभेने म्हणाले. "तू थंय खुशीत आसस, दिसलां आमकां. पुरो."

मी हो म्हणालो.