गुरुवारचं भजन आणि तीन बुवा

माझं माहेर पेणचं. वडील गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायचे. माझं लग्न होऊन मी रोह्याजवळच्या वरसे गावात आले, इथल्या शाळेत शिकवू लागले, आणि काही वर्षांनी वडिलांचा उजवा हात अचानक लुळा पडला. हातात ब्रश धरता येत नाही म्हणून ते घरात कोणाशी बोलेनासे झाले. त्या दिवसांत मी शाळेतून येताना दत्ताच्या देवळात थांबले आणि देवाला म्हटलं, "त्यांच्या हाताला पुन्हा ब्रश धरता येऊ दे. मी दर गुरुवारी तुझ्यासमोर भजनाला बसेन."

पुढच्या हंगामात वडील पुन्हा कारखान्यात जाऊन बसले. पहिली आखणी थोडी वाकडी गेली म्हणे, पण नंतर हात बसला. मग मला माझा शब्द पाळणं भाग होतं.

देवळात बायकांचं भजनी मंडळ होतं. भजन सांगणाऱ्या बाईंनाही सगळ्या 'बुवा'च म्हणत. आमच्या पहिल्या बुवा खाडीकाठच्या, मिठागरात राबलेल्या घरातल्या. आवाज असा की माइक बंद पडला तरी रस्त्यापलीकडे ऐकू जायचा. पहिल्याच गुरुवारी त्यांनी मला विचारलं, "गाता येतं काय गो?"

"थोडंसं."

"थोडंसंच बरं. जास्त येतं त्या ऐकत नाय."

मी त्यांच्याजवळ बसू लागले. शब्द विसरले की त्या माझ्याकडे बघत, मी ओळ पुरवत असे. अशी बरीच वर्षं गेली. पुढे त्यांचे गुडघे धरले, मांडी घालून बसवेना. एका गुरुवारी आरती झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता दुसरं कोणीतरी सांभाळा." मी मनातल्या मनात पदर सावरून तयारच होते. त्यांनी नाव घेतलं ते नव्या कॉम्प्लेक्समध्ये राहायला आलेल्या काकूंचं. काकू कंपनीच्या ऑफिसातून रिटायर झालेल्या, मंडळात येऊन जेमतेम वर्ष झालेलं.

मी हसून टाळ्या वाजवल्या. घरी येऊन भांडी मात्र फार आदळली.

काकूंनी पहिल्याच आठवड्यात हजेरीची वही आणली. साडेपाच म्हणजे साडेपाच. भजनांना नव्या चाली. आणि मला त्यांनी टाळ देऊन शेवटच्या रांगेत बसवलं. इतकी वर्षं बुवांच्या मांडीला मांडी लावून बसलेली मी, मागे, चपलांच्या शेजारी! पुढच्या गुरुवारी माझं डोकं दुखलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी पेपर तपासायचे होते. तिसऱ्या गुरुवारी मी कारणही शोधलं नाही.

वडील दर गुरुवारी फोन करतात. त्या तिसऱ्या गुरुवारीही त्यांनी विचारलं, "आज काय काय म्हटलंत?"

मी सरळ एक गवळण आणि दोन अभंग सांगून टाकले. फोन ठेवला आणि मलाच माझी लाज वाटली. ज्यांच्या हातासाठी देवाला शब्द दिला, त्यांच्याशीच खोटं बोलले होते. तरी चूक माझी आहे असं मनाला पटत नव्हतं. म्हणून पुढच्या गुरुवारी शाळा सुटल्यावर मी जुन्या बुवांकडे गेले. काकूंबद्दल सगळं सांगायचं आणि म्हाताऱ्या बाईंना आपल्या बाजूला ओढायचं, एवढाच विचार होता.

त्या ओटीवर खुर्चीत बसल्या होत्या. ठेवणीतलं लुगडं, केसांत अबोली, आणि कानाला नातीचा मोबाइल लावलेला. त्यावर काकूंच्या आवाजात नवी चाल वाजत होती. बुवा तिच्यामागून गात होत्या आणि दर वेळी जुन्या चालीवर घसरत होत्या.

"ही काय बसत नाय गो माझ्या तोंडात," त्या हसत म्हणाल्या. "चार दिवस झाले. रिक्षा येईल आता. तू चल, मला चढायला हात दे."

"तुम्ही जाता अजून?"

"व्हय. मागे खुर्ची टाकून बसते. तूच दिसत नायस."

मग मी बोलून टाकलं. वही, चाली, मागची रांग, सगळं. शेवटी म्हणाले, "तुम्ही मला का नाही नेमलंत?"

त्यांनी मोबाइल मांडीवर ठेवला. "तुला शब्द येतात, तिला ताल येतो. मंडळ तालावर चालतं, म्हणून तिला नेमली." मग म्हणाल्या, "तू बसायला लागलीस ती माझ्यासाठी काय? मला वाटलं दत्तासाठी."

त्या काही रागावून बोलल्या नव्हत्या, त्यांना खरंच विचारायचं होतं. एवढ्यात रिक्षा आली. त्यांना चढवता चढवता माझे डोळे भरून आले, ते त्यांनी पाहिलं नसावं. किंवा पाहून रिक्षावाल्याशी बोलत राहिल्या असतील.

देवळात काकूंनी आधी घड्याळ पाहिलं, मग मला. "पाच मिनिटं उशीर," एवढंच म्हणून त्यांनी टाळ पुढे केले. मी मागे जाऊन बसले. डोळे मिटून देवाला म्हटलं, "चुकले." मग टाळ वाजवायला घेतले, तेही पहिल्या दोन भजनांत चुकलेच. शेजारी खुर्चीतून जुन्या बुवा नवी चाल चुकत होत्या. आम्ही दोघी इतक्या हसलो की काकूंनी मागे वळून पाहिलं. घरी येऊन वडिलांना फोन केला आणि गेल्या वेळचं खोटं सांगून टाकलं. ते म्हणाले, "गवळण फार लवकर आठवली तुला, तेव्हाच वाटलं होतं."

काकूंनी चार वर्षं मंडळ चालवलं. मला ताल त्यांनीच शिकवला, अगदी हात धरून. पुढे त्या मुलीकडे पुण्याला गेल्या आणि पुन्हा प्रश्न आला की बुवा कोण. पेटी उत्तम वाजवणारी एक सून होती, गावातच दिलेली, माझीच जुनी विद्यार्थिनी. सातचा पाढा तिला कधी धड आला नाही. या वेळी तिचं नाव मीच सुचवलं.

दोन गुरुवार ती माझ्याकडे न बघताच भजन सांगत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही अंतऱ्यात पुढे पळता. पण तुम्हाला कसं सांगू?"

"जसं मी तुला सांगायचे तसं."

"तुम्ही वर्गात उभं करायचात!"

सगळं देऊळ हसलं. मी टाळ घेऊन उभी राहिले, आणि तो अभंग तिने माझ्याकडून उभ्यानेच तीनदा म्हणून घेतला. तिसऱ्या वेळी तिने मान डोलावली तेव्हाच मी बसले.