देवळाच्या पायरीवरच्या सँडल्स
काल श्रीलंकेच्या चहाचं पाकीट फोडलं आणि त्या वासाबरोबर अमेरिकेत सनीव्हेलमधलं आमचं ऐंशीच्या दशकातलं छोटं अपार्टमेंट आठवलं. नवरा ऑफिसच्या कामाने कोलंबोला जाऊन आला होता, आणि तिथे सुट्टीच्या दिवशी एकट्याने केलेल्या सहलीच्या स्लाइड्स पाहायला मंडळी जमली होती. भिंतीवर पांढरी चादर, प्रोजेक्टरची घरघर, हातात पोह्यांच्या बशा. नदीत डुंबणारे हत्ती, चहाचा मळा, बुद्धाचं देऊळ, आणि सगळीकडे हा हसत उभा. "काय रे, सगळ्या फोटोंत तूच! मग काढत कोण होतं?" एका काकूंनी विचारलं. "ड्रायव्हर, काकू!" सगळे हसले, मीही हसले. पण देवळाच्या स्लाइडमध्ये पायरीवर ह्याच्या बुटांना अगदी खेटून बायकी सँडल्स होत्या. देवळाबाहेर कुणाच्याही चपला असतात, हे कळत होतं. तरी विचारायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ती स्लाइड कचऱ्यात टाकली आणि त्याला म्हणाले, "तुझ्या लेकीने खेळता खेळता एक स्लाइड हरवली बघ." मला फक्त त्याचा चेहरा पाहायचा होता. "कुठली होती गं?" एवढंच तो म्हणाला आणि लेकीवर ओरडला. "आई, आय डिडन्ट टच इट!" ती रडत माझ्याकडे बघत राहिली, आणि मी गप्प. ड्रायव्हरबद्दल तो खरं बोलला होता का, हे मला अजून ठरवता येत नाही. ती खरं बोलत होती, हे मात्र त्या घरात मला एकटीलाच ठाऊक होतं.