तेल सोडलं, चरबी राहिली

वहिनीनं तेलाची कॅन उचलली आणि शेजारच्या घरी नेऊन ठेवली. "मी मांगाले आली तरी देऊ नोका," असं बजावून आली. त्या दिवसापासून अमरावतीच्या माझ्या माहेरच्या घरात फोडणीचा आवाज झाला नाही. वांगी पाण्यात शिजायची. ज्या घरात तर्री नसेल तर दादा ताट सरकवायचा, त्या घरात तो मान खाली घालून पांढरी वांगी खायचा.

हे सगळं माझ्यापायी चाललं होतं. माझं लिव्हर निकामी झालं होतं आणि दादा, माझा थोरला भाऊ, त्याच्या लिव्हरचा तुकडा मला द्यायला निघाला होता. यजमानांना साखरेचा आजार आहे, मुलगी शाळेत आहे; दादाशिवाय देणारं कोणी नव्हतं. रक्तगट जुळला तेव्हा मी अकोल्याला घरी बसून रडले. पण पुढच्या तपासणीत दादाच्याच लिव्हरमध्ये चरबी निघाली. अमरावतीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असा तुकडा काढला तर त्यांना धोका आणि तुम्हालाही. आधी चरबी उतरवा. मग मी चेन्नईला पाठवते."

"किती दिवस आहेत?" यजमानांनी विचारलं.

"त्यांच्याकडे भरपूर आहेत," बाई दादाकडे बघत म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं आणि कागद आवरायला लागल्या.

माझी शाळा आठवीत सुटली. आई गेली, आणि केळीच्या गोदामात दादासोबत हात लावायला कोणी नव्हतं. अंजनगावकडची केळी ट्रकनं यायची. आम्ही ती उतरवायचो, पिकवायचो, फणी फणी करून विकायचो. म्हणून सांगते, शरीराच्या आत काय चालतं ते मला पुस्तकातून कधी कळलं नाही. आजार झाल्यावरच कळलं, आणि तेही एकेक करून, चुकत चुकत.

आधी मला वाटायचं, लिव्हर दारू पिणाऱ्याचं जातं. लोकांनाही तेच वाटायचं. अकोल्यात आमच्या गल्लीत नळावर एक बाई दुसरीला म्हणाली, "बाईमानूस हाय, पन पेत असंन कोनाले मालूम." मी हंडा घेऊन उभी होते. माझा दोष असलाच तर चहाचा. दिवसभर शिलाई मशीनवर बसायचं आणि गोड चहा प्यायचा, भूक लागली की पाव बुडवून खायचा. कमरेला, दंडाला चरबी चढली तेव्हा बाया म्हणायच्या, सुखात आहेस. ती चरबी आतही साचते, आणि साचून साचून लिव्हर दगडासारखं होतं, हे कोणाला माहीत होतं?

पोटात पाणी झालं तेव्हा बसमध्ये लोक जागा द्यायचे. अकोला-अमरावती रस्त्यावर एका म्हातारीनं मला खिडकी दिली आणि विचारलं, "कितवा हाय बाई?" मी म्हटलं, सातवा. खरं सांगायची ताकद नव्हती.

दादानं तेल सोडलं. पण भूक कशी सोडायची? गोदामात माणूस पहाटेपासून राबतो. वहिनीनं तोड काढली, उपासाचं खायचं. केळी तर घरचीच. सकाळी केळी, दुपारी उकडलेला साबुदाणा साखर घालून, संध्याकाळी मोसंबीचा रस, मध्ये गुळाचा चहा. दुधावरची साय काढून टाकायची. शेजारच्या गाळ्यात अचलपूरचे एक म्हातारे फळवाले आहेत, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. ते रोज खजूर आणून द्यायचे. "इसमें तेल कहाँ है? खा ले. बहन का काम है," म्हणायचे. मीही अकोल्याहून जाताना शिंगाड्याचा गोड शिरा नेला होता, बिनतुपाचा. दादा एवढं सोसत होता, रिकाम्या हातानं कशी जाणार?

दीड-एक महिन्यानं परत तपासणी झाली. आम्ही सगळे गेलो होतो, चाचासुद्धा. चरबी उतरली नव्हती. थोडी वाढली होती.

वहिनी एकदम म्हणाली, "मॅडम, मशीन खराब असंन. घरात तेलाचा थेंब नाई. देवाशपथ."

बाईंनी काय काय खाल्लं ते विचारलं. वहिनी अभिमानानं सांगत गेली. केळी, साबुदाणा, रस, गूळ, खजूर. सांगता सांगता बाईंचा चेहरा बघून तिचा आवाज बारीक होत गेला.

बाई रागावल्या नाहीत. दादाला विचारलं, "तुमचा धंदा काय?" त्यानं सांगितलं. मग त्या त्याच्याच भाषेत समजवायला लागल्या. लिव्हर म्हणजे मंडईतली अडत धरा. खाल्लेली साखर, भात, केळं, सगळा माल आधी इथं येतो. लागतो तेवढा शरीर वापरतं, थोडा हाताशी ठेवतं. उरलेल्याचं लिव्हर स्वतः फॅटी ॲसिड बनवतं.

"ॲसिड?" दादा दचकला. आमच्याकडे ॲसिड म्हणजे संडास धुवायचं.

"ते नव्हे. मेदाम्ल. चरबीचे धागे समजा. तीन-तीन धाग्यांची मोळी बांधायची आणि रक्तातून गोदामात पाठवायची. पोट, मांड्या, कातडीखाली. उपास पडला की मोळी सुटते, धागे परत रक्तात येतात आणि जळतात. पण तुम्ही उपास पडूच दिला नाही. दर दोन तासांनी नवा ट्रक. गोदामं भरली, मग मालाची अडतीतच थप्पी लागली. तेल बंद केलंत, पण तुमचं शरीर केळ्यातून चरबी बनवत राहिलं."

चाचांनी खिशातली खजुराची पुडी हळूच आत ढकलली.

बाहेर जिन्यावर वहिनी बसली ती उठेना. "म्याच चारलं त्याले," म्हणाली. "हातानं चारलं." मी तिच्याजवळ बसले. मला तिची माया दिसत होती, पण गेलेला दीड महिना माझा होता. तो परत येणार नव्हता.

दादा म्हणाला, "उठ. आता भाकर अन् भाजी. साखर बंद, केळं बंद. अन् मी चालतो."

तो चालला. गोदाम आटोपलं की छत्री तलावापर्यंत पायी आणि परत. ज्वारीची अर्धी भाकर, मुठीएवढं वरण, हिरवी भाजी, चहा कोरा. केळ्यांच्या ढिगात दिवसभर उपाशी बसायचं, आणि पिकलेल्या केळ्याचा वास काय असतो ते मला विचारा. चाचा शेजारच्या गाळ्यातून पहारा द्यायचे. "हाथ लगाया तो देख," ओरडायचे. दादा म्हणायचा, "चाचा, तुमीच चारलं अन् तुमीच दम देऊन राह्यले." त्याचे गाल बसले. शर्ट लोंबायला लागला. गिऱ्हाईक विचारायचं, काहून भाऊ, बिमार हाय का? तो म्हणायचा, नाई, बहीन बिमार हाय.

इकडे मी घसरत होते. डोळे हळदीसारखे झाले. एक दिवस मला मुलीचं नाव आठवेना. ती पुढ्यात उभी, आणि मी तिला नुसतं "ए" म्हणत होते. लिव्हर रक्त साफ करत नाही तेव्हा त्यातली घाण डोक्यात जाते, असं बाईंनी सांगितलं होतं. यजमानांनी मला उचलून अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. शुद्धीवर आले तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारला, दादाची चरबी किती राहिली?

ती उतरली. बाईंनी स्वतः फोन केला. आम्ही अकोल्याला चेन्नईच्या गाडीत चढलो, दादा-वहिनी बडनेऱ्याला. त्याच डब्यात तो आला तेव्हा मी त्याला लगेच ओळखलं नाही. आमच्या बापाच्या शेवटच्या दिवसांतला चेहरा होता तो.

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. त्याला आठवतं. तो म्हणतो, दुखनं सांगता येत नाई.

आता मी चेन्नईतच आहे. तपासण्यांसाठी जवळ राहावं लागतं, म्हणून यजमान इथल्या एका लॉजमध्ये कामाला लागले. भाषा येत नाही. घरमालकीण खालच्या मजल्यावर राहते. मी आजारी आहे एवढं तिला कळतं, म्हणून रोज संध्याकाळी गोड कॉफीचा टंबलर घेऊन जिना चढून येते. दुपारी कधी भात, कधी खीर. नाही म्हणायला माझ्याकडे शब्द नाही, आणि तोंडही नाही. जगले तीच मुळी लोकांच्या उपकारावर. कोणाचा हात कसा परत लोटू? शिवाय गोळ्यांनी भूक खवळते. मी खात होते.

आज तपासणी झाली. डॉक्टर हिंदीत म्हणाले, नव्या लिव्हरमध्ये चरबी दिसायला लागली आहे. थोडी आहे, पण सुरुवात आहे.

दादानं उपाशी राहून मोकळं केलेलं, त्यात माझं शरीर पुन्हा थप्पी लावत होतं.

दादा रोज फोन करतो. पहिला प्रश्न ठरलेला, "कसं हाय माह्यं?" त्याचं म्हणजे त्याचा तुकडा. रोज मी बरं आहे म्हणते. आज सांगितलं.

तिकडून नुसता गोदामाचा आवाज येत राहिला, कॅरेट आपटल्याचा. मग तो म्हणाला, "म्या तं पुरी काढली होती."

"हो दादा."

"मंग आता तू काढ." जरा थांबून विचारलं, "काय खाऊन राह्यली तिथं?"

मी कॉफी सांगितली, भात सांगितला, खीर सांगितली. घरमालकीणही सांगितली.

"तुही वहिनीच भेटली म्हन तुले," दादा म्हणाला. हसला नाही. "जेवली का आता?"

"नाही."

"मंग थांब थोडी. आधी चालून ये."

फोन ठेवला तोच जिन्यावर पावलं वाजली. ती दारात उभी होती, टंबलर पदरानं धरलेला, कपाळावर घाम. तिचे गुडघे दुखतात, मला माहीत आहे. मी टंबलर हातात घेतला. गरम होता. मग तो तिच्या हातात परत दिला, पोटावरच्या टाक्यांवर हात ठेवला आणि मान हलवली.

तिला काय वाटलं, मला कळलं नाही. तिचं तोंड एवढंसं झालं. ती एकेक पायरी करत खाली गेली. तिचं दार लागेपर्यंत मी थांबले. मग चप्पल घातली आणि चालायला उतरले.