चाचांच्या बारा सह्या

सौदीत जुबैलमध्ये आमच्या छोट्या कंपनीने एका कारखान्याचे पाइप जमिनीखाली टाकले. मापं तपासून सही करायचे ते खेडचे चाचा, माझ्याच खोलीत राहणारे. एका दुपारी जेवता जेवता ते बसल्या जागी गेले. त्यांच्या जागी आता सरकारी नियमाने सौदी माणूसच घ्यायचा होता आणि तो मिळेना. मुख्य कंपनीच्या यादीत मात्र चाचांचंच नाव राहिलं. मग मी मापं घेऊन त्यांची सही ठोकत राहिलो. काम थांबता कामा नये, बाकी सगळं चालतं, ही आमची साइटवरची अक्कल!

ती अंगाशी आली. बिलाचा वाद झाला तेव्हा करारानुसार नेमलेल्या निवाडा अधिकाऱ्याने लिहिलं की मेलेल्या माणसाच्या सहीने काम सिद्ध होत नाही. चाळीस जणांचे सात महिन्यांचे पगार अडकले.

निवाड्याला लवादाकडे आव्हान द्यायला अठ्ठावीस दिवस होते. आमचा मॅनेजर महाडचा. तो म्हणाला, "मापं मी घेतली, सह्या मी केल्या, असं तू लवादासमोर सांगितलंस तर केस उभी राहील. पण तुझा इकामा, इथे राहायचा परवाना, गेला समज."

"आणि नाही सांगितलं तर?"

"मग कामगारांच्या कॅम्पात जाऊन पोरांना तूच सांग, पगार विसरा म्हणून."

मी हो म्हटलं. वकिलाने चाचांच्या मृत्यूनंतरची, त्यांच्या सहीची मापांची पत्रकं पुढे ठेवली. बारा निघाली. मी सह्या केल्या होत्या अकरा. बाराव्याची तारीख मी तापाने कॅम्पात पडून होतो त्या दिवसाची. सगळ्यांना विचारलं, कोणीच कबूल करेना. कोपऱ्यात पेन्सिलीने मराठी आकड्यांत बेरीज पडताळलेली होती. असं फक्त चाचा करायचे.

सगळ्यात मोठं माप त्याच पत्रकावर होतं. ते सोडलं असतं तर पगार सुटले नसते.

लवादाने विचारलं, "या सगळ्या सह्या तुमच्या?"

"बाराही माझ्या," मी म्हणालो.

निवाडा फिरला, पोरांना पगार मिळाले आणि मला घरी पाठवलं. खेडला जाऊन चाचींना भेटलो. चाचांचं शेवटचं माप मंजूर झालं, एवढं त्यांना सांगितलं. ते कोणत्या तारखेचं, हे सांगायची हिंमत झाली नाही.