कोण कुणासाठी थांबलंय

आमच्या धाकट्या नणंदेच्या मालकांनी, म्हणजे दाजींनी, उभ्या जन्मात कुणाच्या नुसत्या 'हो'वर विसंबून पाऊल टाकलं नाही. माणूस डिंगोरे गावचा, शेती कांद्याची, पण जीव सगळा लोकांच्या कामांच्या सांध्यात. दळण गिरणीत पोचलं का ते गिरणीत जाऊन विचारायचे, आणि पोचल्याचा निरोप घरी आला का ते घरी येऊन नणंदेला. एकदा जुन्नरच्या एसटीनं पाहुणे यायचे होते, तर उतरवून घ्यायला एकाला धाडलं, तो गेला का ते बघायला दुसऱ्याला, आणि दोघांच्या मागं स्वतः गेले. पाहुण्यांना वाटलं, काय हे स्वागत. "वहिनी," मला म्हणायचे, "ज्याचं त्याचं काम चोखच असतं. घोटाळा व्हतो तो दोघांच्या मधल्या जागंत."

माझ्या थोरलीचं लग्न महाळुंगे पडवळला आमच्या दारातच केलं. तेव्हा मोबाइल कुठले आलेत. दुपारचा मुहूर्त टळला तर सासरची मंडळी लेकीला जन्मभर ऐकवतील, हा माझा घोर. हळदीचं जेवण उरकलं तसं दाजींनी सगळ्यांना चहाला बसवलं आणि एकेकाला विचारलं, उद्या सकाळी तू कुणासाठी थांबणार?

आचारी म्हणाला, "टँकरसाठी. भांडी खरकटी हायेत. पाणी आलं की धुतो, मग हलवतो."

टँकरवाला म्हणाला, "मी मांडववाल्यासाठी. वाटेतला खांब काढला की गाडी आत."

मांडववाला म्हणाला, "खांबाला भांडी टेकलीत ना राव. ती हलली की काढतो."

तिघंही समाधानानं चहा प्यायला लागले. मलाही वाटलं, झालं सगळं नीट. दाजी म्हणाले, "वहिनी, लग्न उद्याच हाय ना? का पुढच्या साली?"

मग घरातल्या पिंपातलं पाणी घेऊन, घरचा जावई असून, ते स्वतः भांडी घासायला बसले. नणंद लाजेनं आत गेली. भांडी हलली, खांब निघाला, टँकर त्याच रात्री आत आला.

दुसऱ्या दिवशी सगळं इतकं वेळेत झालं की लोकांनी आचाऱ्याचं कौतुक केलं. वरपक्षाला बोलायला जागा उरली नाही. जेवणं उरकली, पाठवणीही ठरल्या वेळेला, आणि ऊन उतरायच्या आत लेकीची गाडी निघून गेली. रिकाम्या मांडवात मी दाजींना म्हटलं, थोडा उशीर झाला असता तर तेवढीच घटकाभर माझ्यापाशी राहिली असती हो.

दाजी उठले, गाडी वळणापलीकडं गेली का ते बघून आले. मग म्हणाले, "हे आधी सांगायचं व्हतं, वहिनी."