तेव्हा टाळ्या वाजल्या नव्हत्या

गंगाखेडला बसस्टँडसमोर माझं कॅसेटचं दुकान होतं. आता तिथं मोबाइलचं दुकान आहे, दुसऱ्या कुणाचं. माझी पन्नाशी कधीच उलटली. हे कुणाला सांगायचं, या विचारात इतकी वर्षं गेली असं मी म्हणत आलो. खरं म्हणजे सांगायचंच नव्हतं.

आमच्या भागात एक गायन पार्टी होती. पेटी, ढोलकी, विजेवरचा बँजो आणि मागं कोरसला दोघं. तीस वर्षं गात होती. जयंतीला निळ्या झेंड्याखाली त्यांचाच कार्यक्रम पाहिजे म्हणून गावागावांत भांडणं लागायची. पेटीवर बसणारेच मुख्य गायक, सगळे त्यांना मास्तर म्हणत. मी त्या समाजाचा नव्हतो, आमची गावाकडं काळी जमीन होती. पण लहानपणी झेंड्यापासून लांब, बाभळीखाली उभं राहून मी त्यांना ऐकलं होतं. त्या आवाजापायी तर दुकान टाकलं.

पार्टीच्या दोन कॅसेटी स्टुडिओत भरलेल्या होत्या. लोक त्या घ्यायचे आणि मलाच बोलायचे.

"धुऊन इस्त्री केल्यावानी आवाज हाय भाऊ त्यो," एसटीचे एक ड्रायव्हर म्हणायचे. ड्युटी जिकडं लागेल तिकडं हा माणूस पार्टी ऐकून यायचा. "मास्तर एकदा बी खोकत न्हाईत त्याच्यात. बिनखोकल्याच्या मास्तरला आमी काय करावं?"

सगळ्यांना पाहिजे होती 'समोरची' कॅसेट, म्हणजे लोकांसमोर गाताना भरलेली. त्यामागं दुसरंही कारण होतं. कार्यक्रमात फर्माईश चिठ्ठीवर लिहून वर पाठवायची. मास्तर चिठ्ठीतलं नाव, गाव मोठ्यानं वाचायचे आणि मग ते नाव गाण्यात असं बसवायचे, की जणू ते आधीपासून तिथंच होतं. समोरची कॅसेट म्हणजे तिच्यात आपलं नाव येणार.

शेवटी मीच पुढं झालो, गंगाखेडच्या जयंतीचा कार्यक्रम भरायचं ठरवलं. रात्री पार्टीची दुसरीकडं सुपारी होती, म्हणून त्या दिवशी ते दुपारी चारलाच बसले. मी अँप्लिफायरमधून वायर काढून माझ्या मशीनला जोडली. मास्तर मला एवढंच म्हणाले, "बाबा, काई कापू नको. खोकला बी ऱ्हाऊ दे."

तिसऱ्या कॅसेटीवर ती चिठ्ठी आली. नातीनं लिहून दिलेली, एका म्हातारीची. नामांतराचा ठराव झाला त्या वर्षी तिचं घर जाळलं होतं. नवरा शेळी सोडायला पुन्हा आत गेला, आणि चार दिवसांनी वारला. मास्तरांनी त्याचं नाव वाचलं, गावाचं नाव वाचलं आणि ते नाव घेऊन गायला लागले. ढोलकीवाल्यानं हात काढून घेतला. बँजो थांबला. नुसती पेटी आणि मास्तर. गाणं संपलं तरी कुणी टाळी वाजवली नाही.

ते गाव माझं होतं.

कॅसेटच्या पाठीला दोन बारीक दाते असतात. ते मोडले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. कार्यक्रम संपल्यावर तिन्ही कॅसेटींचे दाते मी मास्तरांसमोर मोडले. त्यांना बरं वाटलं. मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येतं, हे त्यांना माहीत नव्हतं. मला होतं.

पुढचे दोन महिने दुकानात दुसरा विषय नव्हता. गिऱ्हाइकं विचारायची, माझ्या चिठ्ठीवर 'मोठ्या आवाजात वाचा' लिहिलं होतं, ते आलं का? ढोलकी-बँजोची जुगलबंदी पुरी हाय का? ड्रायव्हर खिडकीतून ओरडायचे, "खोकला हाय नव्हं?" मीही ओरडायचो, "तीन बार हाय!" बस हसायची.

म्हातारी दर बाजाराच्या दिवशी नातीला घेऊन यायची. गाव सोडून ती लेकीकडं राहायला आली होती. पायरीवर बसून विचारायची, "आली का ओ, मालक?"

"भराय लागलोय, मावशी."

"येऊ द्या. घरात त्यांचा फोटू न्हाई. नाव मला घ्यायला येत न्हाई, आमच्यात बाई घेत नसती. मशीन तरी घेईल." असं म्हणून एकदा ती स्वतःशीच हसली. "लगीन झाल्यापून कोंडून ठिवलंय ते नाव."

मग एक दिवस वडील आले. बसले, चहा घेतला. बशीत बघत म्हणाले, "आपल्या गावाचं नाव हाय म्हणं त्या कॅसेटीत."

"न्हाई, आबा."

"मग बरं." चहा संपवून ते बस धरून गेले. धमकावलं नाही, कापून टाक म्हणाले नाहीत. इतकी वर्षं मी मनातल्या मनात त्यांना धमकावायला लावत आलो, पण त्यांनी ते केलं नाही. म्हातारीचं घर जळालं त्या साली मी सतरा वर्षांचा होतो. त्या संध्याकाळी त्यांच्या धोतराला रॉकेलचा वास येत होता, एवढं मला माहीत होतं. पुढं मी कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्ही दोघं सुखानं जेवत राहिलो.

मी 'न्हाई' म्हणून बसलो होतो, ते आता खरं करायचं होतं. दुकान बंद करून दुपारभर बसलो. विकायच्या कॅसेटीतून तेवढा भाग गाळला. जोड ओबडधोबड ऐकू येत होता, म्हणून जुगलबंदीनंतरच्या टाळ्या उचलून तिथं भरल्या. मग मूळ कॅसेटला चिकटपट्टी लावली आणि त्या जागेवर काहीच न जोडता मशीन चालू ठेवलं. आता तिथं फक्त खरखर आहे.

कॅसेट आली तेव्हा दुकानासमोर जत्रा भरली. खोकला ऐकून माणसं एकमेकांना टाळ्या देत होती. चौथ्या दिवशी ड्रायव्हर आले, गाडीवर जायच्या आधी, उभ्या उभ्याच.

"भाऊ, मी तिसऱ्या रांगंत होतो. तवा टाळ्या वाजल्या न्हाईत. कुणीच वाजवल्या न्हाईत. ह्या तर जुगलबंदीच्या टाळ्या हायत. त्याच्यात माजी शिट्टी हाय, मला वळकू येती."

"मशीनमधी फीत अडकली हो."

"मशीन लय हुशार हाय तुमचं. कुठं अडकावं ते बरूबर कळतंय त्याला." पुन्हा ते दुकानात आले नाहीत. मास्तरांनी ती कॅसेट ऐकली का, मला माहीत नाही. त्या पावसाळ्यात त्यांचा घसा बसला तो कायमचा, वर्षाच्या आत ते गेले. पुन्हा भरून घ्यायचं म्हटलं तरी आता भरणार कोण?

कॅसेट आली त्याच आठवड्यात, बाजाराच्या दिवशी म्हातारी आली. त्या दिवशी नात बरोबर नव्हती. मी तिसरी कॅसेट लावली. पदर कानामागं सारून ती ऐकत बसली. टाळ्या आल्या, त्यामागून दुसरं गाणं सुरू झालं.

"गेलं वाटतं पुढं. मागं घ्या बरं."

घेतली. पुन्हा टाळ्या.

"ह्यांचं नाव होतं की इथं."

तेव्हा मी कामात असल्यासारखं करत, अगदी साध्या आवाजात विचारलं, "कुणाचं, मावशी?"

"ह्यांचं."

"ह्यांचं म्हंजे? लय नावं हायत हिच्यात. नाव सांगा, म्हंजे शोधतो."

तिनं रस्त्याकडं पाहिलं, कुणी ओळखीचं, तिच्यासाठी ते नाव सांगेल असं दिसतं का म्हणून. कुणी नव्हतं. तिचे ओठ हलले, मिटले. ती उठली, पिशवी घेतली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मालक."

पुन्हा ती आली नाही.

नाव मला पाठ होतं. कापायची जागा नेमकी सापडावी म्हणून त्या दुपारी मी ते मास्तरांच्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकलं होतं.